बायोप्सी झाली, रिपोर्ट यायचाय, तोवर काय करू?

पत्र परभणी जिल्ह्यातून आलंय, नाव-गाव देत नाही, थोडं आखडतं घेऊन इथं टाकते.

"मावशी, माझं वय ४३. घरी शिलाईकाम करते, मालकांचं खत-बियाण्याचं दुकान आहे, मुलगी लातूरला नीटची तयारी करती. घट बसायच्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करताना डाव्या बाजूला छातीत गाठ हाताला लागली, दुखत नव्हती. इथल्या डॉक्टरनी आधी गोळ्या दिल्या, फरक पडला नाही म्हणून परभणीला मॅमोग्राफी आन सोनोग्राफी केली, रिपोर्टवर बायरॅड्स ४ए लिहिलंय. परवा संभाजीनगरला सुईनं तुकडा काढला, आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. सासूबाई म्हणतात सुई लावली की गाठ पसरती. जाऊबाई म्हणतात मोबाईल ब्लाऊजमध्ये ठेवतीस म्हणून झालं. माझी आत्या ह्यातच गेली, तिचे हाल मी बघितलेत. रात्र-रात्र फोनवर बघत बसते. मालक काहीच बोलत नाहीत, उशिरा येतात, जेवतात आन झोपतात. पोरीला सांगू का नको? आन तुळशीचं लग्न झालं की लग्नाच्या ब्लाऊजच्या ऑर्डरी सुरू होतात, त्या घेऊ का नको तेही कळंना."

मावशी म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते, सरकारी दवाखान्यात पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं काम बरीच वर्षं केलंय, त्या जोरावर लिहितेय. तुझी गाठ कसली आहे हे मला सांगता येणार नाही, तुलाही नाही, आणि खरं बघितलं तर परवा सुई घालणाऱ्या डॉक्टरलाही आत्ता सांगता येणार नाही, सांगता आलं असतं तर तुकडा काढलाच कशाला असता. म्हणजे ह्या आठ-दहा दिवसांत जो कोणी छातीठोकपणे "काही नसतं गं" म्हणेल किंवा "तेच आहे" म्हणेल, तो अंदाजानं बोलतोय, मग ती सासू असो, जाऊ असो नाहीतर फोन असो.

आता ते ४ए. तू लिहिलं नाहीस पण मला दाट शंका आहे की तो चारचा आकडा बघून तुझ्या पोटात गोळा आला असणार, कारण मी भेटलेल्या कित्येक बायकांनी तो आकडा बघून चौथी स्टेज समजून रडून घेतलेलं आहे, एकीच्या नवऱ्यानं तर मळा विकायची बोलणी सुरू केली होती. बायरॅड्स म्हणजे स्टेज नव्हे बाई. मॅमोग्राफी-सोनोग्राफी वाचणारे डॉक्टर शून्यापासून सहापर्यंत एक आकडा देतात, त्याचा अर्थ एवढाच की चित्र बघून संशय किती वाटतो आणि पुढं काय करावं. तीन म्हणजे बहुतेक साधी आहे, सहा महिन्यांनी परत बघू. चार म्हणजे नुसत्या चित्रावर भरवसा ठेवायचा नाही, तुकडा काढून बघायचा. ह्या चारचे परत ए, बी, सी असे भाग असतात आणि ए हा त्यातला सगळ्यात कमी संशयाचा, दोन ते दहा टक्के. म्हणजे हे लिहून मिळालेल्या शंभर बायकांत नव्वदाहून जास्त जणींची गाठ कॅन्सरची निघत नाही. फायब्रोअडेनोमा म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ निघते, पाण्याची गाठ निघते, नुसती सूज निघते, आपल्याकडं क्वचित टीबीची पण निघते आणि ती गोळ्यांनी बरी होते. आता तू म्हणशील मग त्या उरलेल्यात मी असले तर? असू शकतेस. ते नाकारून मी तुला खोटा धीर देणार नाही, पण भीती जेवढी आहे तेवढीच घे, अंगावर येईल तेवढी घेऊ नको.

रिपोर्टला इतके दिवस कामून लागतात हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते, कारण सहाव्या-सातव्या दिवशी फोन आला नाही की माणूस मनानंच ठरवतं की वाईट निघालं म्हणून लपवायलेत. तसं काही नसतं. तुझ्या गाठीतून काढलेल्या शेवईएवढ्या बारीक काड्या बाटलीत घातल्या ना, ते फॉर्मालिन. त्यात तुकडा नीट मुरायला कमीत कमी सहा तास द्यावे लागतात, मग तो मशीनमध्ये जातो, त्यातलं पाणी काढून मेण भरतात, मेणाची वडी होते, तिलाच ब्लॉक म्हणतात. मग त्या वडीचे इतके पातळ काप काढतात की मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन-चार भाग एवढीच जाडी, ते काचेवर ठेवून गुलाबी-जांभळा रंग देतात आणि मग पॅथॉलॉजीचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एखादी जागा नीट दिसली नाही तर त्याच वडीतून आणखी खोल काप मागवतात, कधी वेगळा रंग लावून बघतात, कधी शेजारच्या डॉक्टरला दाखवतात. मध्ये रविवार आला, सुट्टी आली, की झालं. सरकारी ठिकाणी तर बाटल्यांची रांगच असते. म्हणून उशीर झाला तर त्याचा अर्थ फक्त उशीर. कधीकधी "तुकडा पुरेसा नाही, परत काढावा लागेल" असंही म्हणतात, त्रास होतो, चिडचिड होते, पण त्याचाही अर्थ वाईट असा नाही. दहाव्या दिवसापर्यंत काही कळलं नाही तर मात्र वाट बघत बसू नको, फोन कर, नाहीतर माणूस पाठव, कागद टेबलावर पडून राहिल्याचे प्रकार होतात.

सासूबाईंचं. त्यांच्यावर रागावू नको, ही समजूत आपल्या भागात घरोघरी आहे आणि ती कशी तयार झाली ते मला दिसलेलं आहे. बायका दवाखान्यात येतातच उशिरा, गाठ लिंबाएवढी झाली, काखेतही हाताला लागायला लागली की मग येतात, तेव्हा सुई लावतात, आणि नंतर दोन-चार महिन्यांत ती बाई खंगते, मग गावात काय सांगितलं जातं, "सुई लावली आणि बिघडलं". बिघडलेलं आधीच होतं, दोष सुईला मिळाला. साध्या गाठीला सुई लावल्यानं तिचा कॅन्सर होत नाही, आणि कॅन्सरची असली तरी बायोप्सीमुळं तो अंगभर पसरत नाही. उलट तुकडा न तपासता उपचार करणं म्हणजे अंधारात दगड मारणं, कारण कॅन्सर निघालाच तर तो कोणत्या जातीचा आहे, हार्मोनवर वाढणारा आहे का, हर-टू नावाचं प्रथिन त्यात जास्त आहे का, हे त्याच तुकड्यावर तपासतात आणि औषध त्यावरून ठरतं. आणि एक, हे नीट लक्षात ठेव: कोणी म्हणालं की "कशाला तपासण्या, डायरेक्ट गाठच काढून टाकू, आमच्या ओळखीचे सर्जन आहेत, पंधरा मिनिटांचं काम", तर रिपोर्ट हातात येईपर्यंत साफ नाही म्हण. घाईत गाठ काढली आणि नंतर ती कॅन्सरची निघाली तर दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं आणि आधी नीट आखून जे ऑपरेशन करता आलं असतं ते अवघड होऊन बसतं. सुई लावलेल्या जागी काळं-निळं झालं असेल, दुखत असेल, ते चार-आठ दिवसांत जातं. लेप लावू नको, शेकू नको, आणि दिवसातून दहादा दाबून बघणं बंद कर, दाबून ती सांगणार नाही ती कोण आहे ते. सूज वाढत चालली, लाल झालं, ताप आला, रक्त थांबेना, तर मात्र लगेच दाखव.

जाऊबाईंचा मोबाईल, तर त्याला काही पुरावा नाही. घट्ट ब्लाऊज-ब्रा घातल्यानंही होत नाही, हे तुला गिऱ्हाइकांनाही सांगता येईल. आणि हे "तुझ्यामुळंच झालं" म्हणणं मला मुळातच आवडत नाही, बाईला काही झालं की आधी तिचंच काहीतरी चुकलं असणार असं धरून चालायचं, हा आपल्याकडचा जुना रोग आहे आणि त्याची बायोप्सी कोणी करत नाही.

आता आत्या. तुझं पत्र मी दोनदा वाचलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तुला ४एची भीती नाहीच, तुला आत्याची भीती आहे. आत्या कधी दवाखान्यात गेली ते तू लिहिलेलं नाहीस, पण मला अंदाज आहे. त्या पिढीतल्या बायका पदराखाली फडकं बांधून वर्ष-दीड वर्ष काढायच्या, लाज, पैसा, शेताची कामं, पोराचं लग्न, आणि कोणाला दाखवायचं ते डॉक्टर पुरुष, मग जखम फुटून वास यायला लागला की घरच्यांना कळायचं. तू बघितलेस ते हाल त्या उशिराचे आहेत. तुझी गाठ घटस्थापनेला हाताला लागली आणि दिवाळी होईपर्यंत सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायोप्सी सगळं झालेलं आहे, दुखत नव्हती तरी तू गेलीस, हे साधं नाही. दुखत नाही म्हणून घरात बसणाऱ्या बायका मी लई बघितल्यात, आणि ह्या रोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, तिथंच तर फसगत होते. तेव्हा निकाल काही का येईना, आत्याचा रस्ता आणि तुझा रस्ता घटस्थापनेलाच वेगळा झालाय.

आत्याचं एक मात्र कर. डॉक्टरला सांग. बऱ्याच बायका सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं आईकडचीच नाती धरतात. वडलांकडची पण धरतात. आत्याला कितव्या वर्षी झालं, पाळी चालू होती का गेली होती, घराण्यात आणखी कोणाला छातीचा किंवा अंडाशयाचा झाला होता का, एवढं माहेरी फोन करून विचारून ठेव, आणि विचारताना "असंच विचारलं" म्हण, आत्ताच सगळ्या माहेराला रडवायची गरज नाही.

रात्रीच्या फोनबद्दल काय सांगू, तुला सगळं ठाऊकच आहे. एवढंच म्हणते की त्या व्हिडिओवाल्याला तुझा तुकडा दिसलेला नाही, आणि एकदा तू कॅन्सरचं बघितलंस की तो फोन तुला तेच-तेच दाखवत राहणार, त्याचा धंदाच तो आहे. झोपताना फोन शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाक. झोप नाही आली तर नाही आली, पडून रहा. भजन लाव, कोणाशी तरी बोल. नवस बोलली असशील तर बोल, त्याला माझी ना नाही, फक्त नवसापायी कडक उपास धरू नको आणि नवस बोलला म्हणून तपासणी टाळू नको.

मालकांचं थोडं निराळं बघ. तो माणूस दुकानातून उशिरा येतो, कारण घरी आलं की तुझ्या तोंडाकडं बघावं लागतं. त्यात हे दिवस उधारी वसुलीचे, शेतकऱ्याकडं सोयाबीनचा पैसा आला तर ह्याच्याकडं येणार, आणि त्याच्या डोक्यात दवाखान्याच्या खर्चाची बेरीज चालू असणार, जी तो तुला सांगणार नाही. आपल्याकडच्या पुरुषाला "तुम्हाला काय वाटतं" असं विचारलं तर तो "काही नाही" म्हणतो, हे काही तुझ्याच घरचं नाही. त्याला बोलायला लावू नको, काम दे. "उद्या झेरॉक्स काढून आणा, एक प्लास्टिकची फाईल आणा, रिपोर्ट घ्यायला तुम्हीच माझ्यासोबत चला आणि डॉक्टरच्या केबिनमध्ये आत बसा, बाहेर नाही." बोलणं प्रवासात आपोआप निघतं, नाही निघालं तरी सोबत असतं. केबिनमध्ये दुसरं माणूस लागतंच, कारण पहिलं वाक्य ऐकलं की पेशंटला पुढचं काही ऐकू येत नाही.

फाईलचं मी उगी म्हणत नाही. सोनोग्राफीचा कागद, मॅमोग्राफीच्या फिल्मा, ती आधीची गोळ्यांची चिठ्ठी, बायोप्सीची पावती, सगळं तारखेनं लावून ठेव. आणि आत्ताच, ह्या रिकाम्या दिवसांत, रेशनकार्ड आणि आधार काढून बघ. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक म्हणजे रेडिएशन, त्यात बसतात, पण यादीतल्याच दवाखान्यात, आणि गाडी अडते ती नावावर. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बायोप्सीच्या पावतीवर तिसरंच स्पेलिंग, मग दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर बाई चार दिवस हेलपाटे घालती. दुरुस्ती लागत असेल तर आजच सेतू केंद्रात पाठव मालकांना. कदाचित ह्यातलं काहीच लागणार नाही. नाही लागलं तर चांगलंच, कागद दुरुस्त झाले एवढंच होईल.

पोरीला सांग. मला माहिती आहे तुला हे आवडणार नाही, "तिचं वर्ष वाया जाईल" असं तू म्हणशील, पण ती काही लहान नाही, जीवशास्त्रात पेशी कशा वाढतात ते पाठ करती ती, बायोप्सी म्हणजे काय हे तिला तुझ्या-माझ्यापेक्षा नीट कळतं. तू नाही सांगितलं तर ती चुलतबहिणीच्या फोनवरून ऐकणार, तेही तिखट-मीठ लावून, आणि मग लातूरच्या होस्टेलवर एकटी बसून ठरवणार की आईचं लई वाईट आहे म्हणूनच मला सांगितलं नाही. त्याच्यानं अभ्यास जास्त बुडतो. टेस्टच्या आदल्या दिवशी सांगू नको, टेस्ट झाल्यावर रविवारी फोन कर आणि आहे तेवढंच सांग: गाठ होती, दाखवली, तपासायला दिलीय, संशय कमी आहे, कळलं की तुला आधी सांगेन. आणि ते शेवटचं पाळ. रडू आलं तर येऊ दे, दोघींना.

रिपोर्टच्या दिवसाचं. कागद इंग्रजीत असणार, तो रिक्षात बसून फोनवर टाकून वाचायला जाऊ नको, एखादा शब्द अवघड दिसला म्हणजे तो वाईटच असतो असं नाही आणि सोपा दिसला म्हणजे चांगला असंही नाही. ज्या डॉक्टरनी बायोप्सी सांगितली त्यांच्याकडंच घेऊन जा, सोनोग्राफीच्या कागदासकट. साधी गाठ निघाली तरी जायचं, पेढे वाटून घरी बसायचं नाही. कारण चित्रात जे दिसलं आणि तुकड्यात जे निघालं ते एकमेकांशी जुळतंय का हे कोणीतरी बघावं लागतं, जुळत नसेल तर परत तपासतात, आणि जुळत असेल तर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफीला बोलावतात, ती तारीख कॅलेंडरवर लिहायची. माझ्या मते सगळ्यात जास्त बायका इथं निसटतात, "नाही निघालं" ऐकलं की फाईल माळ्यावर.

आणि कॅन्सर निघाला, तर त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही. लगेच उद्या ऑपरेशन असली घाई ह्यात बहुतेक वेळा नसते, नीट आखणीला आठवडा-दोन आठवडे गेले तर काही बिघडत नाही, महिने घालवायचे नाहीत एवढंच. तुकड्यावर पुढच्या तपासण्या होतात, ईआर, पीआर (ह्या दोन हार्मोनच्या), हर-टू, त्याचा रिपोर्ट यायला आणखी दिवस लागतात, ते अगदी नेहमीचं आहे. दुसरीकडं दाखवायचं झालं तर काचेच्या स्लाइडी आणि ती मेणाची वडी मागून घे, ते मागायला कोणाला राग यायचं कारण नाही. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, २०१२ पासून, शेकाची सोय तिथंच आहे, लातूर-धाराशिवकडची माणसं बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला जातात, आणि मुंबईला टाटात दाखवायचं म्हणालीस तर देवगिरी एक्स्प्रेस तुझ्या परभणीवरूनच जाते. पूर्ण छाती काढावीच लागते असंही नाही, लवकर सापडलं तर पुष्कळ जणींची फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून वर शेक देतात. पण हे सगळं नंतरचं. आज लागू नाही. आज तुझ्या हातात फक्त पावती आहे.

ऑर्डरी घे. मशीनवर बसलीस की डोकं जरा गप होतं हे तू मला सांगायची गरज नाही. डाव्या हाताला ओढ बसत असेल तर चार दिवस कटिंग कोणाकडून तरी करून घे, हातशिलाई, हुक-काजं तू कर. नवरीचे आणि करवलीचे घे, नेहमीच्या गिऱ्हाइकांचे घे, पण "उद्याच पाहिजे"वाल्यांना ह्या वेळी दुसरीकडं पाठव, आणि रिपोर्टच्या आठवड्यातली तारीख कोणालाच देऊ नको, त्या पुढच्या आठवड्यातली दे.